रुमालातली चुकलेली गाठ आणि मनाचा ताण

टॅटिंगची लेस विणत बसलेली भगिनी पाहिली की हिच्यासारखी निवांत हीच, असे वाटते. हातात एवढेसे शटल, बोटांभोवती पांढरा दोरा आणि एकामागून एक पडणाऱ्या गाठी. फुलदाणीखालचा गोल रुमाल असाच तयार होतो. पण याच छंदापायी काहींची मान आखडते, डोके दुखते, झोपही उडते. रुमालात कुठेतरी चूक राहिलेली असते आणि ती मनातून जात नाही.

क्रोशाचे विणकाम चुकले तर दोरा ओढून सरसर उसवता येते. टॅटिंगचे तसे नाही. दोन अर्ध्या गाठी मिळून एक पूर्ण गाठ होते. अशा गाठी मधल्या दोऱ्यावर बसवत जायचे आणि शेवटी तो दोरा ओढून कडी आवळायची. एकदा आवळलेली कडी सोडवणे फार किचकट. पुष्कळदा दोरा कापून पुन्हा जोडावा लागतो. त्यामुळे चूक दिसली की कापायचे की पुढे जायचे, हे ठरवावेच लागते.

चूक कोणती, उणीव कोणती?

काही चुका दुरुस्त केल्याच पाहिजेत. गाठ उलटी पडली तर दोरा सरकत नाही आणि कडी आवळत नाही. बाहेरच्या फेरीत गाठी फार झाल्या तर रुमालाला चुण्या पडतात, कमी झाल्या तर तो वाटीसारखा वर उचलला जातो. दोऱ्याचे टोक पक्के केले नाही तर धुण्यात सुटते.

पण कडेचे फासे थोडे लहानमोठे झाले, एखादी कडी किंचित सैल राहिली, तर रुमालाचे काहीच बिघडत नाही. धुऊन, हलकी खळ देऊन, टाचण्यांनी ताणून वाळवला की यातले बरेच दिसेनासे होते. उरते ते हाताने विणल्याची खूण समजावे.

ताण कशाने येतो?

चांगले काम करण्याची हौस आरोग्याला पोषकच आहे. त्रास होतो तो 'जरासुद्धा चुकता कामा नये' या हट्टाचा. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि लोक आपल्याकडून तशी अपेक्षा करतात ही भावना. तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. 'लोक काय म्हणतील' तो हाच.

अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील 41 हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 1989 ते 2016 या काळातील माहितीचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तिन्ही प्रकार वाढल्याचे त्यात दिसले आणि सर्वांत अधिक वाढला तो तिसरा. हा हट्ट म्हणजे स्वतंत्र आजार नव्हे. पण चिंता आणि नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. मुलाच्या वहीतली खाडाखोड पाहून पानेच्या पाने फाडायला लावणाऱ्या पालकांनीही हे लक्षात घ्यावे.

काय करावे?

• चूक दिसताच कात्री उचलू नका. हातभर अंतरावर धरून पाहा. तिथून दिसत नसेल तर पुढे जा.
• एक लहान उणीव मुद्दाम तशीच ठेवा आणि रुमाल टेबलावर अंथरा. सुरुवातीला बेचैनी वाटेल. ती हळूहळू ओसरते, हा अनुभव महत्त्वाचा.
• पाहुण्यांनी कौतुक केले तर चूक दाखवू नका.
• दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूर, सुमारे 20 फुटांवर पाहा. मान, खांदे, बोटे सैल करा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. पुष्कळशा चुका चष्म्यावाचून होतात.

मात्र तेच ते तपासणे, पुन्हा पुन्हा करणे यात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, झोप, भूक किंवा घरकाम बिघडत असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. शासनाची 'टेली मानस' ही 2022 साली सुरू झालेली दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे.

आणि पेटीत ठेवून दिलेला तो 'बिघडलेला' रुमाल आज बाहेर काढून वापरायला घ्या.