घोंगडी काळी का?

उष्णतेचे प्रारण शिकवताना आपण वर्गात सांगतो, की काळा पृष्ठभाग उष्णता जास्त शोषतो, म्हणून उन्हाळ्यात पांढरे कपडे वापरावेत. माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातल्या शाळेत हे सांगितले, तर एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "मग आमच्या आजोबांच्या खांद्यावरची घोंगडी काळी का?" हा प्रश्न टाळू नये. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा रंजक आहे.

आधी मुलूख पाहू. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटरवरच्या म्हसवडला जेमतेम ५०० मिलिमीटर. सह्याद्री चढताना हवा थंड होऊन बाष्प तिथेच गाळते, पलीकडे उतरताना ती तापते आणि कोरडी होते. माणदेश हा असा पर्जन्यछायेतला प्रदेश. २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, असे ढोबळपणे मानतात. त्या हिशेबाने माणदेश वाळवंट नव्हे. अरबस्तानातल्या रुब अल् खालीत तर १०० मिलिमीटरही पडत नाही. तरीही टंचाईला दोन्हीकडच्या माणसांनी दिलेली उत्तरे सारखी आहेत : जनावरे घेऊन हिंडायचे, त्यांच्याच केसांचे विणलेले अंगावर किंवा डोक्यावर घ्यायचे, आणि दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचे.

अरबस्तानातल्या बेदुइन लोकांचे तंबू शेळीच्या काळ्या केसांचे असतात. त्यांच्यातले काही जण काळे सैल झगेही घालतात. याचे कोडे काही संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप करून सोडवले. १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. वाळवंटात भर दुपारी एका माणसाला कधी काळा, कधी पांढरा झगा घालून उभे केले आणि कापडाचे व त्वचेचे तापमान मोजले. काळे कापड खरोखरच जास्त तापले. पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. झगा सैल असल्याने कापड आणि अंग यांमध्ये हवा खेळत होती, आणि कापडाने शोषलेली जादा उष्णता तीच वाहून नेत होती. म्हणजे आपले वाक्य चूक नाही, अपुरे आहे. रंगाबरोबर मधली हवाही पाहिली पाहिजे.

हे वर्गात करून पाहता येईल. दोन सारखे डबे घ्या, त्यांत सारखे पाणी भरा. एकाला काळे कापड घट्ट गुंडाळा. दुसऱ्याभोवती काड्यांच्या आधाराने, तीन-चार सेंटीमीटर अंतर ठेवून, तेच कापड लावा. वरखाली हवेला वाट ठेवा. तासभर उन्हात ठेवून तापमापी लावा.

आता घोंगडी. ती काळी असते कारण दख्खनी मेंढी बहुधा काळी असते, आणि लोकर न रंगवता विणतात. यात पूर्वजांचे गूढ ज्ञान शोधायला जाऊ नये. मात्र विणण्यात कसब आहे. सनगर कारागीर सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने वीण घट्ट बसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प ओलसर न भासता शोषते आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. पावसात घोंगडीची खोळ घेतलेल्या मेंढपाळाला ऊब मिळते, ती यामुळेही.

पाहुणचाराचेही असेच. बेदुइन पाहुण्यापुढे खजूर ठेवतात आणि तीन दिवस त्याला ठेवून घेण्याची त्यांची रीत आहे. माणदेशात गूळपाणी. खजुरात ग्लुकोज-फ्रुक्टोज असते; गुळातल्या साखरेचे लहान आतड्यात तेच दोन तुकडे होतात. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला बरोबर नेते आणि मागोमाग पाणी जाते. जलसंजीवनीचे तत्त्व हेच. पण सावध राहावे : गुळात सोडियम फार थोडे असते. उन्हाने चालून आलेल्याला गूळपाणी ठीक, पुढे भाकरीबरोबरचा खारट ठेचा मीठ पुरवतो. हगवण लागलेल्या मुलाला मात्र गूळपाणी पुरणार नाही. त्याला जलसंजीवनीच द्यावी. तिची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

मेंढरांचाही पाहुणचार होतो. मेंढपाळ हिंडू लागले, की शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. लेंडी-मुताने एका रात्रीत रानाला नत्र मिळते. हा व्यवहार पडीक रानावर चालतो. टेंभूसारख्या योजनांनी कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत आणले, डाळिंब उभे राहिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) दुष्काळ ज्यांनी वाचला आहे, त्यांना या पाण्याचे मोल सांगायला नको. पण बारमाही बागेत मेंढरे कोण बसवणार?

लोकरीला तर कातरणीची मजुरी सुटेल एवढाही भाव येत नाही. कित्येकदा ती टाकून देतात. जत भागातली माडग्याळ मेंढी मांसासाठी पाळतात, तिच्या अंगावर लोकर अगदी विरळ असते. कळपात तिची संख्या वाढली, की सनगराच्या मागाला लोकर कमी पडते. आपल्या गावात घोंगडीचा माग अजून चालू आहे का, हे मुलांना पाहून यायला सांगा. असला तर चिंचोक्याची खळ कशी करतात, तेही विचारून घ्यावे.