तात्या विंचू: एक बाहुला, तीन माणसं

निपाणी-बेळगावकडे बसच्या पाट्या कानडी, कचेरीतले कागद कानडी. पण टीव्हीवर ‘झपाटलेला’ लागला की मराठी घरातलं कुणी जागचं उठत नाही. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर, मराठी सिनेमा इथे परका कधी नव्हताच. महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३चा. त्यात तात्या विंचू नावाचा गुंड एका बाहुल्यात शिरतो. खून कोण करतंय हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, पोलिसांना आणि गावाला नसतं. रहस्यपटाचा असा उलटा डाव, आणि सगळी गंमत त्यातच.

कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकी भयपटावरून सुचलेली. पण हॉलिवूडचा खर्च मराठी निर्मात्याला कुठून परवडणार? उपाय घरातच होता: रामदास पाध्ये. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून बोलक्या बाहुल्यांची कला आणि अर्धवटराव हा बाहुला, दोन्ही त्यांच्याकडे वारशाने आलेले. तात्याचा बाहुला त्यांनीच घडवला.

रंगमंचावर बाहुला मांडीवर आणि कलाकार समोर दिसतो. ओठ न हलवता बोलणं हीच तिथली करामत. सिनेमात आवाज मागाहून भरता येतो, पण बाहुला चालवणारा हात दिसला की खेळ खलास. मग सगळा भार जबडा, डोळे आणि मानेवर. जबडा शब्दाच्या किंचित मागे पडला, तर तात्याचा नुसता ठोकळा व्हायचा.

आवाज दिलीप प्रभावळकरांचा; बाहुल्यात शिरण्याआधीचा गुंडही तेच. ‘चौकट राजा’ या सिनेमातला निरागस नंदू साकारून त्यांना दोनच वर्षं झाली होती. पुढे पडद्यावर ते टिपरे आजोबा आणि गांधीजीही झाले. एवढ्या सज्जन माणसाच्या गळ्यात हा विंचू कुठे दडला होता, कोण जाणे!

माझ्या मते तिसरा मानकरी लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सिनेमातला लक्ष्या. बाहुला जिवंत वाटतो तो लक्ष्या त्याच्याकडे बघून टरकतो म्हणून. समोर निर्जीव वस्तू असताना नजरेतली भीती खरी ठेवायची आणि प्रेक्षकाला हसवायचंही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

२०१३मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आला. बाहुला तोच, आवाजही प्रभावळकरांचाच. लक्ष्मीकांत मात्र २००४मध्येच गेलेला. तंत्र सुधारलं, पण पहिल्या भागाची सर त्याला आली नाही.