ॲनिमेतलं लढाऊ मांजर आणि थळच्या किनाऱ्यावरचा बोका

दोन बोके समोरासमोर येतात, अंग फुगवून गुरगुरतात. कुणीतरी मोबाईल काढतं, मागे ॲनिमेचं म्युझिक टाकतं आणि रील तयार. कमेंट ठरलेली, 'हा तर हिरो आहे.'

गंमत म्हणजे ॲनिमेत असं मांजर सहसा हिरो नसतंच. ते हिरोच्या शेजारी उभं असतं. तरीही लक्षात राहतं. का?

आधी हे गडी कोण ते पाहू

'इनुयाशा'मधली किरारा एरवी मांडीवर मावेल एवढी. संकट आलं की वाघासारखी मोठी होते, सुळे बाहेर येतात, पंजांतून ज्वाळा निघतात आणि सांगो या आपल्या मैत्रिणीला पाठीवर घेऊन ती उडते.

'फेअरी टेल'मधला पँथरलिली एकेकाळी राजाच्या फौजेत कमांडर होता. माणसाच्या जखमी पोराला वाचवलं म्हणून त्याच्याच जातभाईंनी त्याला हाकललं. लढाईत धिप्पाड होऊन तलवार चालवतो, पण ढग गडगडले की घाबरतो.

'ड्रॅगन बॉल'मधला कारिन एका उंच मनोऱ्यावर राहतो. गोकू त्याच्याकडे ताकद देणारं पाणी मागतो, तर हा म्हणतो, माझ्याकडून हिसकावून घे. गोकूला ३ दिवस लागतात. त्याच्या गुरूला, रोशीला, ३ वर्षं लागली होती. शेवटी कळतं की पाणी साधंच होतं. खरा सराव मांजराच्या मागे पळताना झाला.

आपल्याकडची वाघाची मावशी आठवली ना? तिने वाघाला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही. म्हणून तर वाघ उलटला तेव्हा ती वाचली.

जपानमध्ये हे आलं कुठून?

जपानी लोककथांत 'नेकोमाता' आहे. मांजर खूप म्हातारं झालं की त्याची शेपटी दुभंगते आणि ते मायावी होतं, अशी समजूत. फुजिवारा नो तेइका या कवीच्या रोजनिशीत १२३३ साली नारा भागात नेकोमाताने माणसं खाल्ल्याची नोंद आहे. किराराला दोन शेपट्या आहेत, त्या इथूनच.

म्हणजे मुळात ही घाबरवणारी गोष्ट. शिवाय कुत्रा हाक मारली की येतो, मांजर मनात असेल तरच येतं. असं मांजर हिरोसाठी जीव धोक्यात घालतं, तेव्हा ती साथ हिरोने कमावलेली वाटते. म्हणूनच ते लक्षात राहतं.

मग थळचा बोका?

अलिबाग तालुक्यातलं थळ हे मासेमारीचं गाव. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. उंदेरी समोर असताना मांजरं इकडे येणारच, असा विनोद चालून जाईल! पण खरं कारण मासळी. होड्या लागल्या, मासळी निवडायला घेतली की मांजरं हजर. जपानच्या ताशिरोजिमा बेटावर तर मच्छीमारांनी मांजराचं देऊळच बांधलंय.

जिथे खाणं तिथे हद्द आणि हद्दीवरून मारामारी. मादीवरूनही होते. पण अंग फुगवलेला बोका किरारासारखा मोठा झालेला नसतो. तो घाबरलेला असतो आणि मोठा दिसायचा प्रयत्न करत असतो.

मांजराचे सुळे बारीक असतात. चाव्याची जखम वरून लगेच बुजते, आत पू साचतो. एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणूही मुख्यतः चाव्यातूनच पसरतो. तो माणसाला होत नाही, पण त्यावर बरं करणारा इलाज नाही.

आपण काय करू शकतो?

बोक्याची नसबंदी केली की भटकणं आणि भांडणं बरीच कमी होतात. भांडण सुरू असेल तर मध्ये हात घालू नका, लांबून मोठा आवाज करा.

तुम्हालाच चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे, मांजरामुळेही होतो. लस वेळेत घेतली तर तो टाळता येतो. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही.