बारा शब्दांचा वारसा
बिटकॉइनची किल्ली, मयताचे कर्ज आणि वारसांचे हक्क

आपल्या कापड बाजारात हिशेबाची जुनी रीत आहे. गद्दीवर बसणारा माणूस उद्या नसला तरी त्याची खातेवही बोलते. कुणाकडून किती येणे, कुणाला किती देणे, कोणत्या गोदामात किती ताके, हे सर्व वहीत सापडते. मुलगा अडाणी असला तरी मुनीम वही वाचून दाखवतो आणि व्यवहार पुढे चालतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यातीलच काहींनी अशी मालमत्ता घेऊन ठेवली आहे की जिची नोंद वहीत नाही, बँकेत नाही, सातबाऱ्यावर नाही. ती आहे बिटकॉइन व त्याच्यासारखी इतर आभासी चलने. मालक गेला की तीही त्याच्याबरोबर जाते. असा एक प्रसंग आमच्या ओळखीच्या घरात घडला. तो व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून त्या कुटुंबाच्या परवानगीने, नावे न देता, येथे मांडत आहोत.

वहीच्या शेवटच्या पानावर

भिवंडीतील हे गृहस्थ आमचे वीस वर्षांचे संबंधी. ग्रे कापडाचा धंदा आणि स्वतःचे काही यंत्रमाग. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक रद्द ठरवले आणि आभासी चलनाच्या बाजारांना बँकांची दारे पुन्हा उघडली. त्यानंतर त्यांनी थोडे बिटकॉइन घेतले. काही महिन्यांनी ते बाजारातून काढून स्वतःच्या मोबाइलमधील पाकिटात ठेवले. २०२३ मध्ये हृदयविकाराने ते अचानक अल्लाहच्या भेटीस गेले.

दफनविधीनंतर चौथ्या दिवशी धाकट्या मुलाने वडिलांचा मोबाइल वापरायला घेतला आणि दुकानातून तो पूर्ण कोरा करून आणला. पाकीट त्यातच होते. घरात कुणाला कल्पनाही नव्हती. पुढे सूतवाल्यांची देणी समोर आली, तेव्हा भाभींना आठवले की मरहूम एकदा म्हणाले होते, "अडचण आलीच तर वहीचे शेवटचे पान बघा." त्या पानावर उर्दू लिपीत, एकाखाली एक, बारा शब्द होते. शब्द इंग्रजी, पण लिपी उर्दू. घरातील मुले इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यांना ते वाचता येईना. म्हणून वही आमच्याकडे आली.

बारा शब्द म्हणजे काय?

येथे थोडे समजून घेणे आवश्यक आहे. बिटकॉइन मोबाइलमध्ये नसते. ते जगभरातील संगणकांवर ठेवलेल्या एका सामायिक खातेवहीत नोंदलेले असते. मोबाइलमध्ये असते ती फक्त सही करण्याची किल्ली. म्हणून मोबाइल हरवला, फुटला किंवा कोरा झाला तरी बिटकॉइन जागच्या जागी राहते. हरवते ती किल्ली.

ही किल्ली माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत ठरवण्यात आली. २०४८ साध्या इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे. तीतून १२ किंवा २४ शब्द एका क्रमाने निघतात. तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या कोणत्याही योग्य पाकिटात भरले की सर्व किल्ल्या पुन्हा तयार होतात. शब्दांच्या शेवटी एक पडताळाही दडलेला असतो. शब्द चुकला तर बहुधा पाकीटच सांगते की हा मेळ बसत नाही. आपण रोजमेळ लावताना बेरीज जुळवून पाहतो, तसाच हा प्रकार.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. ज्याच्या हाती हे शब्द, त्याच्या हाती सर्व मालमत्ता. त्याला ना सही लागते, ना ओळखपत्र, ना मृत्यूचा दाखला.

लाम-ये-वाव

आम्ही शिकलो उर्दू शाळेत, त्यामुळे अक्षर वाचणे कठीण गेले नाही. तरीही तीन ठिकाणी अडलो. एक शब्द लाम-ये-वाव असा लिहिलेला. तो 'लीव्ह' म्हणजे सोडणे की 'लिव्ह' म्हणजे जगणे? यादीत दोन्ही आहेत. दुसरा शब्द 'स्टील' की 'स्टिल'? घाईच्या लिखाणात मधला 'ये'चा दात आहे की नाही ते कळेना, आणि हे दोन्ही शब्दही यादीत आहेत. तिसऱ्या शब्दावर पावसाळ्यात गोदामाचे पाणी पडलेले. तेथे शाईचा डाग सोडून काहीच नव्हते.

आणखी एका जागी आमची व्यापारी नजर फसली. लाम-वाव-नून पाहून आम्ही 'लॉन' वाचले, कारण लॉनचे कापड रोजचे. मग ध्यानात आले की लॉनसाठी आपला माणूस लाम-अलिफ-नून लिहितो. हा शब्द 'लोन' म्हणजे कर्ज होता. यादीत लॉन आणि लोन दोन्ही आहेत!

मरहूमचा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो. त्याने हिशेब मांडला. पुसलेल्या जागी २०४८ पैकी कोणताही शब्द असू शकतो. दोन संशयित शब्दांचे चार मेळ. एकूण ८१९२ शक्यता. पडताळ्याच्या नियमाने त्यांतील सुमारे सोळावा हिस्सा, म्हणजे पाचशेच्या आसपास मेळच खरे ठरू शकतात. त्यांतील आपला कोणता, हे ओळखायला एक खूण हवी होती. ती मरहूमच्या ई-मेलमध्ये मिळाली. बाजारातून बिटकॉइन काढताना आलेल्या पत्रात पाकिटाचा पत्ता छापलेला होता. संगणकाने प्रत्येक मेळाचा पत्ता काढून त्याच्याशी ताडून पाहिला आणि काही मिनिटांत एक मेळ जुळला.

हे काम आम्ही कसे केले तेही सांगणे जरूर आहे. इंटरनेट पूर्ण बंद केलेल्या संगणकावर, भाभी, दोन्ही मुलगे, मुलगी आणि मरहूमची वृद्ध आई यांच्यासमोर. शब्द एकट्याने पाहायचे नाहीत असे पुतण्यानेच सुचवले. "चाचा, उद्या कमी-जास्त निघाले तर माझ्यावर बोट नको," असे तो म्हणाला. या मुलाचे आम्हाला कौतुक वाटते.

एवढे झाल्यावर शब्द नव्या पाकिटात भरले, तर शिल्लक शून्य! भाभींचा चेहरा उतरला. पण कारण साधे होते. पाकिटांचे पत्ते तीन-चार धाटणींचे असतात. मरहूमचा पत्ता ३ या अंकाने सुरू होणारा, जुन्या धाटणीचा. नवे पाकीट आपोआप नव्या धाटणीचे पत्ते काढून दाखवत होते. जुनी धाटणी निवडताच शिल्लक समोर आली. रिकामे पाकीट दिसले म्हणून शब्द चुकीचे समजून कागद फेकून देऊ नये, हा यातील धडा.

त्याच दिवशी नवे शब्द तयार करून सर्व रक्कम नव्या पाकिटात हलवली. इतक्या डोळ्यांनी पाहिलेली किल्ली ठेवण्यात अर्थ नव्हता. जुने शब्द आता निकामी आहेत, म्हणूनच येथे लिहिले.

सर्वांचे नशीब असे नसते

आमच्या मित्राचा एकच शब्द पुसला होता. सगळेच हरवले असते तर जगातील कोणताही संगणक कामी आला नसता, कारण त्या शक्यतांची संख्या ३९ अंकी आहे. वेल्समधील न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांच्या सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली असलेली संगणकाची तबकडी २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचराभूमी खोदण्याची परवानगी मिळावी म्हणून ते न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला.

दुसरे उदाहरण आपल्याच देशात संपलेले. कॅनडातील क्वाड्रिगा या बाजाराचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला. मरणापूर्वी दोनच आठवडे अगोदर त्याने मृत्युपत्र केले होते, परंतु किल्ल्या कुणाला ठाऊक नव्हत्या. सुमारे ७६ हजार ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे २०२० मध्ये ओंटारियोच्या रोखे आयोगाने चौकशी करून सांगितले की मुळात तो धंदाच फसवणुकीचा होता. अर्थात मृत्युपत्र आहे म्हणून किल्ली आहे असे नव्हे, आणि दुसऱ्याच्या हाती किल्ली आहे म्हणून पैसा सुरक्षित आहे असेही नव्हे.

हलाल की हराम?

वाचक विचारतील की मुळात हा व्यवहार जायज आहे काय. विद्वानांत एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ मध्ये त्यास मनाई केली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम ठरवला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरई मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातील खरेदी-विक्रीस अनुमती दिली. आम्ही व्यापारी आहोत, मुफ्ती नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमास विचारावे. परंतु ज्यांच्यापाशी ती मालमत्ता आहे, त्यांनी ती घरापासून लपवून मरणे कुणाच्याही मते योग्य नाही.

आधी कर्ज, मग वाटणी

शरियतचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरलेला तर्का वारसांचा. पत्नीचा राहिलेला महर हेही कर्जच. आमच्या मित्राच्या घरी पाकीट उघडल्यावर सर्वप्रथम सूतवाल्यांची देणी आणि भाभींचा महर चुकता झाला. मयताच्या मानेवरचे ओझे उतरले, याचे समाधान वृद्ध आईच्या तोंडावर आम्ही पाहिले.

वारस होते आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. उरलेल्या रकमेचे १२० भाग केले. आईला सहावा हिस्सा म्हणजे २०, पत्नीला आठवा म्हणजे १५, प्रत्येक मुलाला ३४ आणि मुलीला १७. मोठ्या मुलाचे म्हणणे होते की बहिणीच्या लग्नात खर्च होणारच आहे, मग तिचा वाटा कशाला? त्याला आम्ही एवढेच सांगितले की लग्नाचा खर्च ही तुमची मेहेरबानी, हिस्सा हा तिचा हक्क. तो समजूतदार निघाला.

विक्री केली तेव्हा कर भरला. २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही. म्हणून खरेदीचे कागद शब्दांइतकेच जपावेत. 'नॉमिनी' लिहिला म्हणजे काम झाले, हाही गैरसमज आहे. कंपनीच्या शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की नॉमिनी हा मालक नव्हे, मालमत्ता वारसांचीच.

आता काय करावे?

१. शब्द कागदावर स्वच्छ इंग्रजी अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. आमच्यासारख्या उर्दू शिकलेल्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. आग-पाण्याची भीती असल्यास पोलादी पट्टीवर कोरून घ्यावेत. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो.

२. शब्दांचा फोटो काढू नये. मोबाइल, ई-मेल, व्हॉट्सअॅप यांत ठेवू नयेत. "पाकीट परत मिळवून देतो" म्हणून शब्द मागणारा माणूस चोर समजावा.

३. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. सहा शब्द एकाकडे व सहा दुसऱ्याकडे अशी वाटणी करू नये. एक तुकडा हरवला की सर्व बुडते. रक्कम मोठी असेल तर तीन किल्ल्यांपैकी कोणत्याही दोन लागतील अशी सोय जाणकाराकडून करून घ्यावी.

४. शब्दांना जोडून वेगळा गुप्त शब्द ठेवला असेल तर तोही लिहून ठेवावा. तो नसेल तर बारा शब्द असूनही दुसरेच रिकामे पाकीट उघडते.

५. एक वेगळे पत्र लिहावे. काय आहे, कोणते पाकीट, कोणत्या धाटणीचा पत्ता, शब्द कोठे आहेत आणि कुणाची मदत घ्यावी. स्वतः शब्द मात्र वसियतनाम्यात घालू नयेत, कारण तो कागद अनेकांच्या हाती जातो.

६. वर्षातून एकदा, जकातचा हिशेब करताना, कागद काढून पाहावा आणि शब्द वाचता येतात की नाही याची खात्री करावी.

७. वसियत मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच करता येते, आणि वारसाच्या नावे करायची तर इतर वारसांची संमती लागते. आलिम व वकील दोघांचाही सल्ला घ्यावा.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण दिव्य कुरआनने सूरह बकरात दिली आहे. वसियत करण्याजोगे काही असेल तर ती लिहून ठेवण्यात दोन रात्रींचाही विलंब लावू नये, अशा आशयाची हदीस आहे. आपण ताक्यांची नोंद ठेवतो, मग जे डोळ्यांना दिसत नाही त्याची नोंद तर अधिकच हवी. आमचे मित्र निदान एक पान लिहून गेले. त्या पानामुळे त्यांचे कर्ज फिटले आणि त्यांच्या लेकीला तिचा हक्क मिळाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो, आणि आपणा सर्वांना आपला हिशेब वेळीच लिहून ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.