छायाचित्रांतील काळें आणि पांढरें

जालना जिल्ह्यांतील परतूर तालुक्यांत आष्टी आहे. तेथें सकाळच्या प्रहरीं कोणी हौशी गृहस्थ कॅमेरा घेऊन उभा राहिला, तर चित्रासाठीं त्यास दूर जाण्याचें कारण पडत नाहीं. पारावर टेकलेला म्हातारा, सुपानें ज्वारी पाखडणारी बाई, उन्हांत वाळत घातलेली वाकळ, एवढें पुरे असतें. अडचण पुढेंच येते. डोळ्यांस जें सुंदर दिसलें, तें काळ्या-पांढऱ्या चित्रांत कित्येकदां नाहींसें होतें. लाल लुगडें नेसलेली बाई हिरव्या कुंपणापुढें उभी असली, तर पाहणाऱ्यास ती लांबूनही वेगळी दिसते. चित्रांत मात्र लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग एकाच करड्या छटेचे होतात, आणि ती बाई कुंपणांत विरून जाते. याकरितां हौशी मनुष्यास रंग विसरून उजेड पाहण्याची संवय करावी लागते.

याचें मूळ रसायनांत आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडला, कीं तेवढा भाग धुतांना काळा होतो. त्यावरून कागदावर उलट छाप घेतला म्हणजे चित्र सुलट उमटतें. परंतु हे क्षार मुळांत निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच ओळखतात, तांबड्याला नव्हे. म्हणून फार जुन्या चित्रांत कपाळावरील कुंकू काळें ठिक्कर व आभाळ कोरें पांढरें दिसतें. त्यांत ढग असले तरी उमटत नसत. 1873 सालीं जर्मन रसायनज्ञ फोगेल यानें क्षारांत रंगद्रव्य मिसळून हा दोष कमी करण्याचा मार्ग शोधला, आणि 1906 पासून सर्व रंगांस जागृत असलेल्या कांचा बाजारांत मिळूं लागल्या. तरीही आभाळ फिकें येतेंच. भिंगावर पिवळी कांच बसविली, म्हणजे निळा प्रकाश अडतो आणि ढग उठून दिसतात. आजच्या मोबाईलमध्यें रंग आधीं टिपले जातात व मागाहून करडे केले जातात. लाल-हिरव्याचा घोटाळा तेथेंही सुटलेला नाहीं.

भर दुपारचें ऊन चित्राचा घात करतें. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि कपाळ पांढरें फटफटीत येतें. तेंच सकाळीं ऊन तिरपें असतां धाब्याच्या घराची मातीची भिंत पाहावी: गिलाव्यांतील काडी न् काडी, हात फिरविल्याच्या खुणा, सारें दिसतें. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरील सुरकुत्याही तशाच.

ही हौस आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीं निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. नारायण दाजींचा व्यवसाय वैद्यकीचा. तथापि निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या माणसांचीं चित्रें त्यांनीं घेतलीं. लाला दीनदयाळ हे इंदुरास बांधकाम खात्यांत नकाशे काढीत असत. 1874 च्या सुमारास त्यांनीं हौसेनें कॅमेरा हातीं घेतला, आणि पुढें ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. आष्टीचा मुलूख त्या वेळीं निजामाच्याच राज्यांत होता. 1899–1900 च्या दुष्काळांत त्यांच्या कॅमेऱ्यानें औरंगाबादेकडील उपाशी माणसें टिपलीं. बरगड्या न् बरगड्या मोजाव्यात असे ते देह आहेत, आणि एका चित्राचा मथळा ‘कृशतेचे प्रकार’ अशा अर्थाचा आहे. मनुष्य डोळ्यांसमोर उभा आहे, पण मथळ्यांत त्याचें नांव नाहीं. तो कोणत्या गांवचा, त्याचीं मुलें वांचलीं कीं नाहींत, हें चित्र सांगत नाहीं. प्रकाश आपलें काम चोख करून गेला, लिहिणारानें केलें नाहीं.

पाखडणारी बाई अनोळखी असली, तर हौशी गृहस्थानें आधीं तिला विचारावें व मागाहून एक प्रत तिच्या घरीं पोंचवावी. आपल्या प्रतीच्या पाठीमागें शाईनें लिहूं नये, ती फुटून पुढें येते. मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, कडेच्या बाजूस बाईचें नांव, आष्टी, महिना आणि साल लिहावें. मोबाईलमधील चित्राला पाठ नसते. त्याची निदान एक प्रत कागदावर काढून घ्यावी, म्हणजे लिहावयास जागा होते.