एका गळ्यात दोन आवाज, आणि जोडीला गिटार!

बालमित्रांनो, एक कोडं घालते. एक माणूस एकटाच बसून गातोय. त्याच्या गळ्यातून भुंग्यासारखा एकसुरी, जाड आवाज निघतोय. आणि त्याच वेळी, त्याच तोंडातून, वर शिट्टीसारखी बारीकशी धूनही ऐकू येतेय! शेजारी बासरीवाला नाही, टेपही लावलेला नाही. मग दुसरा आवाज कुणाचा?

उत्तर ऐकून चकित व्हाल. दोन्ही आवाज त्याचेच! या गाण्याला खोओमेई म्हणतात. सोप्या भाषेत आपण त्याला ‘कंठगायन’ म्हणू. आणि आज मी तुमची ओळख करून देणार आहे ती हे कंठगायन घेऊन रॉक संगीत करणाऱ्या एका बँडशी. त्याचं नाव ‘यात-खा’.

यात-खा कुठला? आधी नकाशा काढा. मंगोलिया सापडला? त्याच्या डोक्यावर, रशियाच्या सैबेरियात, तुवा नावाचा चिमुकला प्रांत दिसेल. चिमुकला आपला रशियाच्या मानाने हं! क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्तच भरेल. पण माणसं किती? साडेतीन लाखांच्याही आत. राजधानीचं नाव किझिल. इथेच दोन नद्या एकत्र येतात आणि भली मोठी येनिसेई नदी उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्राकडे निघते. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो. मेंढ्या, घोडे, याक, उंट आणि रेनडिअर असे सगळे प्राणी या एकाच प्रांतात पाळले जातात. १९२१ ते १९४४ या काळात तुवा हा वेगळा देश होता. पुढे तो सोव्हिएत संघात सामील झाला आणि आज रशियात आहे.

अशा मोकळ्या माळरानावर गुरं राखताना सोबतीला कोण? वारा, ओढा आणि पक्षी. तुवातल्या गुराख्यांनी त्यांचेच आवाज गळ्यात उतरवले. त्यातूनच कंठगायनाचे निरनिराळे प्रकार झाले. शिट्टीसारखा वाजतो तो सिगित. खोल, गुरगुरल्यासारखा असतो तो कार्गिरा.

पण हे जमतं कसं? यात जादू नाही, विज्ञान आहे. आपण कुठलाही एक स्वर लावला, की त्याच्याबरोबर त्याचे सोबती स्वरही उमटतात. समजा, मूळ स्वराची कंपनं सेकंदाला १०० आहेत. मग त्याच्या पोटात २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनंही असतात. एरवी ती मूळ आवाजात मिसळून जातात, वेगळी कळत नाहीत. कंठगायक जीभ आणि ओठ अशा बेताने हलवतो, की त्यातला एकच सोबती स्वर मोठा होऊन वेगळा ऐकू येतो. आठव्या, नवव्या, दहाव्या आणि बाराव्या सोबत्याला पाळीपाळीने वर काढलं, की काय मिळतं ठाऊक आहे? सा, रे, ग आणि प! आपल्या भूप रागातलेच स्वर. फक्त एक ध राहिला.

ज्यांच्या घरी तंबोरा आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते. तरीही तो सुरेल जुळला, की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. तंबोऱ्यात जे तारा करतात, ते तुवाचा गुराखी गळ्याने करतो!

कार्गिराची गंमत आणखी वेगळी. आपल्या स्वरतंतूंच्या जरा वर दोन घड्या असतात. एरवी त्या गाण्यात भाग घेत नाहीत. कार्गिरात मात्र त्याही थरथरतात. स्वरतंतू दोनदा हलले, की या घड्या एकदा हलतात. त्यामुळे आवाज एकदम एक सप्तक खाली, पार खर्जात जातो.

आता यात-खाकडे येऊ. हा बँड १९९१ साली मॉस्कोत सुरू झाला. सुरू करणारे दोघं : तुवाचा आल्बेर्त कुवेझिन आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर संगीत करणारा इव्हान सोकोलोव्स्की. कुवेझिनचा आवाज इतका खोल आहे, की विहिरीच्या तळातून कुणी बोलतंय असं वाटावं. कार्गिराची त्याची स्वतःची खास ढब आहे. पुढच्याच वर्षी त्याने आणि त्याच्या मित्रांनी तुवाचं पारंपरिक संगीत गाणारा एक संच काढला. तो आज हून-हूर-तू या नावाने जगभर माहीत आहे. पण कुवेझिनला आजोबांची गाणी तर गायची होतीच, शिवाय इलेक्ट्रिक गिटारही वाजवायची होती. म्हणून त्याने तो संच सोडला आणि यात-खावर लक्ष दिलं.

बँडचं नावही एका वाद्यावरून आलंय. यात-खा म्हणजे लांबट लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा. तारांखाली हलवता येणाऱ्या घोड्या असतात. मग इगिल हे वाद्य. त्याला दोनच तारा, तीही सारंगीसारखी गजाने वाजवायची. इगिलच्या टोकाला घोड्याचं डोकं कोरतात. त्याची एक गोष्ट सांगतात. एका मुलाचा लाडका घोडा मेला. मुलगा रडून रडून झोपी गेला. घोडा त्याच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, ‘माझ्यापासून वाद्य बनव, म्हणजे मी तुझ्याजवळच राहीन.’ तेच पहिलं इगिल! तिसरं वाद्य खोमुस, म्हणजे राजस्थानी संगीतात ऐकू येणाऱ्या मोरचंगाचा भाऊच. या सगळ्यांच्या जोडीला गिटार आणि ड्रम. आहे की नाही झकास मेळ?

१९९५ साली त्यांचा ‘येनिसेई-पंक’ हा अल्बम आला. बघा, नदीचं नाव सोडलं नाही! २००२ साली बीबीसी रेडिओ ३ या वाहिनीचा जागतिक संगीताचा पुरस्कार आशिया-पॅसिफिक विभागात त्यांना मिळाला. १९२८ सालच्या ‘स्टॉर्म ओव्हर एशिया’ या मूकपटाला त्यांनी रंगमंचावर बसून प्रत्यक्ष साथ केली. २००५ च्या अल्बममध्ये तर लेड झेपेलिनसारख्या इंग्रजी बँडची गाणी त्यांनी आपल्या कार्गिरात गायली. कुवेझिनने दुसऱ्यांची गाणी घेतली, पण आवाज स्वतःचाच ठेवला.

मुलींनो, तुमच्यासाठी एक खास बातमी. बायकांनी कंठगायन करू नये, असा तुवात पूर्वापार समज होता. तरीही १९९८ साली तिथल्या स्त्रियांनी ‘तिवा किझी’ नावाचा स्वतःचा संच काढला, आणि त्या उत्तम गातात.

हे सगळं मी तुम्हांला का सांगतेय? समूहगीत बसवताना मी दरवर्षी पाहते. ज्यांचा आवाज घोगरा, ती मुलं आपणहून मागच्या रांगेत जातात आणि नुसते ओठ हलवतात. सातवीत आवाज फुटला, की मुलगे तर गाणंच सोडून देतात. आणि घरात आजोबा ओव्या, गवळणी म्हणू लागले, की आपण पटकन टीव्हीचा आवाज वाढवतो. कुवेझिनकडे गोड गळा नव्हता, खर्जातली गुरगुर होती. ती त्याने लपवली नाही. गिटार हाती घेतली म्हणून इगिलही टाकून दिलं नाही. पालकांनो, तुमचं मूल बेसूर आहे असं ठरवायची घाई करू नका. आधी त्याला भरपूर गाऊ द्या, ऐकू द्या.

आता एक प्रयोग. दारं-खिडक्या बंद करून न्हाणीघरात उभे राहा. सोपा, मधला एक स्वर धरा. तो अजिबात न बदलता अगदी सावकाश ‘ऊ... ओ... आ... ए... ई...’ म्हणा. कान देऊन ऐका. वर काहीतरी बारीकसं सरकताना कळेल. तोच सोबती स्वर! कार्गिराची गुरगुर मात्र जोर लावून करू नका, घसा दुखेल. ती शिकायला गुरू लागतो.

आणि हो, आईबाबांच्या मोबाइलवर यात-खा ऐकाच. ऐकून झालं, की आजोबांना विचारा, ‘तुमच्या लहानपणी कोणती वाद्यं होती हो?’