डिस्क किती वीज खाते?



उसाच्या वजनाची पावती आपल्या हातात पडते, पण त्या वजनाची नोंद राहते ती संगणकाच्या डिस्कवर. हंगाम संपला तरी ही डिस्क रात्रंदिवस फिरतच असते. मग हिला वीज किती लागते, हा प्रश्न रास्तच आहे. आपल्या चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेची वीज तयार होते, म्हणून काही सावर्ड्यात ती कुणाला फुकट मिळत नाही!

पुष्कळजण डिस्कवरचे लेबल वाचून हिशेब करतात. समजा, लेबलावर १२ व्होल्टला ०.५५ अँपिअर आणि ५ व्होल्टला ०.७ अँपिअर लिहिले आहे. गुणाकार करून बेरीज केली, की सुमारे १० वॅट होतात. पण हा झाला वरचा आकडा. नुसती फिरत असलेली साडेतीन इंची डिस्क साधारण ४ ते ६ वॅटच घेते. उलट सुरू होताना काही सेकंद २० वॅटच्याही वर जाते. भरलेली गाडी जागची हलवताना बैलांना जोर लावावा लागतो, पुढे ती चालते, तसेच हे.

मग मोजायचे कसे? आपला काट्याचाच नियम लावा. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली, की उरतो तो ऊस. प्लगजवळ वॅटमीटर लावून संगणकाचे एक तासाचे युनिट डिस्क जोडून घ्या, नंतर डिस्क काढून घ्या. फरक तो डिस्कचा. मात्र दोन्ही वेळी संगणकावर काम सारखेच हवे, नाहीतर ड्रायव्हर एकदा गाडीत बसलेला आणि एकदा उतरलेला, असा घोटाळा होतो. हा फरक डिस्कच्या खऱ्या वॅटपेक्षा थोडा जास्त येईल, कारण पॉवर सप्लायमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते. पण बिल त्याचेच येते.

ट्रकच्या काट्यावर एक मोळी नीट तोलता येत नाही. त्याचप्रमाणे एकदोन वॅटचा फरक अशा मीटरवर भरवशाचा नसतो. तेव्हा जाणकाराकडून डिस्कच्या १२ आणि ५ व्होल्टच्या तारांवरचा प्रवाह वेगवेगळा मोजून घ्यावा.

आता हिशेब. ६ वॅटची डिस्क वर्षभर चालली तर सुमारे ५२॥ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर ४२० रुपये. चिपांची एसएसडी रिकामी असताना बहुधा एक वॅटच्या आसपासच घेते, म्हणून नवीन घेताना तिचा विचार जरूर करावा.

परंतु चारशे रुपये वाचवायला नोंदींची दुसरी प्रत बंद करू नये. प्रत काढून, तपासून, डिस्क कपाटात ठेवली तर तिला वीज शून्य लागते. वीज पुन्हा विकत मिळेल, गेलेले वजन कुठून आणायचे?